रंगाने रंग निघत नाही

मे महिन्यातला दुसरा रविवार, मानेवाडा.
पलीकडच्या खोलीत कूलर भिंत हलवतोय
आणि मी न्हाणीत, प्लास्टिकच्या स्टुलावर,
खांद्यांवर बाबांचा जुना टॉवेल घेऊन
चौदा वर्षांचा काळा उतरवायला बसलेय.

आधी सोपं करून पाहिलं होतं.
विटामिन सीच्या गोळ्या, दोन पत्ते,
खलबत्त्यात कुटल्या, कोंड्याच्या शांपूत कालवल्या.
मोरीत चहासारखं पाणी वाहिलं,
केस होते तसेच.
मग पाकिटातला फिका तपकिरी लावला.
तो बसला फक्त मुळाशी, जिथे पांढरं होतंच.
खाली डांबर ते डांबर.
रंगाने रंग निघत नाही
हे कळायला मला अडतिसावं लागलं.

पहिला पांढरा चोविसाव्या वर्षी.
आई म्हणाली, उपटू नको, एकाचे सात होतात.
गुरुवारी तिने पाकीट आणलं,
शनिवारी वर्ध्याचे पाहुणे आले,
पोहे खाल्ले, केसांची तारीफ केली.
ते स्थळ जमलं नाही.
रंग राहिला.

तेव्हापासून दर तिसऱ्या आठवड्यात
भांगात चुन्याची रेघ,
जणू कुणी मैदान आखून गेलंय
आणि खेळायला कुणी येत नाही.
बँकेत मान खाली घालून नोटा मोजते मी,
काउंटरपलीकडच्याला
आधी माझा भांग दिसतो, मग मी.

आज निळी पावडर, पांढरा डेव्हलपर.
धातूचं भांडं चालत नाही
म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा,
पोळ्यांच्या फॉइलच्या कापलेल्या पट्ट्या.
पुढचं जमलं. मागे हात पोचेना.
आरशात आरसा धरला
तर डाव्याचं उजवं होत गेलं.

"काय करून राहिली वं?"
दारात बाबा.
बत्तीस वर्षं गांधीबागेत
गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवल्या त्यांनी,
एमएच एकतीस, एमएच एकतीस.
चष्मा जाड झाला, हात अजून हलत नाही.
उत्तराची वाट न बघता ब्रश घेतला,
दोन बोटांत बट तोलून पाहिली.
"सरळ रेघ नको मारू. सरळ रेघ दिसते.
किनार मोडाची.
कुठं जाड, कुठं नुसता हात फिरवाचा,
मंग जुनं कुठं सरलं न् नवं कुठून लागलं
कोणाले कळत नाही."

पंचेचाळीस डिग्रीत रसायनाला घाई असते.
पाकिटावर चाळीस मिनिटं,
मी दर पाचाला एक फॉइल उघडते:
काळ्याचा विटकरी, विटकरीचा...
"बोलू का?"
"नका बोलू."
या शहरात तो विनोद
सगळ्यांचा करून झालाय.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला
आणि डोक्यावरची फॉइल कुरकुरताना ऐकू आली.
अंधारात बाबा म्हणाले,
"माझ्यावर गेले तुझे.
माझेबी पंचविशीतच.
तुझी माय म्हणे, रंगवा,
नाहीतर लोक मले तुमची पोरगी समजतीन."
हसले, आणि लगेच
मानेवरचा एक थेंब टॉवेलच्या कोपऱ्याने टिपला.

धुतलं. वाळवायला गच्चीवरची दोन मिनिटं पुरली.
कुठे गव्हाचा, कुठे चहाचा,
मागे एक ठिगळ काळंच,
कानामागची बट बोटभर तुटली.
पिवळेपणावर जांभळा शांपू लागेल, तो उद्या.
पण पांढरे आता शोधावे लागतात,
आणि मी शोधलेही, बराच वेळ,
कारण त्यांना इतक्या गर्दीत
कधी पाहिलं नव्हतं.

बाबांचं डोकं कापूस,
मिशी मात्र बूटपॉलिश, दर रविवारी.
मी बघतेय हे त्यांना कळलं.
"मिशीचं वेगळं असते," म्हणाले
आणि श्रीखंडाचा डबा खिडकीशी नेऊन
किती उरलंय, वाकून पाहू लागले.