तिसरी मोगरी

मुतुबाच्या बुंध्यावर बाबा आधी तळहात ठेवतो,
बाजारात गाय घेणारा तिच्या कुशीवर ठेवतो तसा.
कधी म्हणतो, उद्या.
कधी म्हणतो, याला अजून एक वर्ष राहू दे.
झाडाचं आणि त्याचं काय ठरतं
मला आजवर कळलेलं नाही.

मग वर एक चीर, खाली एक चीर,
मधून उभी रेघ,
आणि केळीच्या खुंटाची पाचर हळूहळू आत सारत
तो अख्खी साल उतरवतो,
झोपलेल्या पोराच्या अंगातून सदरा काढावा तशी.
उघड्या बुंध्याला लगेच केळीची पानं गुंडाळायची, घट्ट बांधायची.
वर्षाने पुन्हा साल.
विहिरीकडच्या झाडाने त्याला एकतीस वेळा कापड दिलं.
"माणसाची सोलली तर येते का परत?" मी लहानपणी विचारलं होतं.
"माणसाला पानं कोण गुंडाळणार," म्हणाला.

छपराखाली ओंडका, ओंडक्यावर ओली साल,
आणि तीन मोगऱ्या.
पहिलीच्या खाचा करंगळीएवढ्या.
दुसरीच्या काडीएवढ्या.
तिसरीच्या नखाला कळतात, डोळ्याला नाही.
सकाळी हातभर रुंद असलेली साल
संध्याकाळी माणूस झाकते,
आणि उन्हात वाळली की तिचा रंग होतो
मसाकाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचा.

कंपालाहून तिघे आले, कॅमेरा घेऊन.
जपायच्या गोष्टींची यादी करत होते.
एका कापडाला ठोके किती, त्यांनी विचारलं.
बाबाने कधी मोजले नव्हते.
पुढे हे कोण चालवणार, त्यांनी विचारलं.
बाबा किझांजेकडे बघू लागला.
माझा भाऊ मोटरसायकलच्या टाकीवर बोटांनी ताल धरून बसला होता,
अगदी मोगरीचा ताल.
ते कॅमेऱ्याने घेतलं नाही.
मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तेही नाही.
जाताना त्यांनी दुसरी मोगरी मागितली, काचेत ठेवायला.
बाबाने दिली.
मग महिनाभर तो पहिलीवरून थेट तिसरीवर जायचा,
कापडाला भोकं पडायची,
आणि तो ती मुकाट्याने शिवत बसायचा.

परदेशातल्या एका बाईंनी दिव्यांच्या झाकणांसाठी चाळीस कापडं मागवली.
"आपण ज्यात मेलेल्यांना गुंडाळतो," बाबा म्हणाला,
"त्यातून त्यांना उजेड पाहिजे."
हसला खूप.
पैसे चांगले आले. माझी फी त्यातूनच गेली,
हे लपवायचं नाही.

माळ्यावर मात्र एक घडी होती, न विकायची.
स्वतःसाठी केलेली. विहिरीकडच्या झाडाची, तिसाव्या सालीची.
पलीकडच्या घरातली नामुतेबी गेली
तेव्हा तिचे मुलगे दुकानातली पांढरी चादर घेऊन आले,
घड्यांच्या रेघा अजून तशाच होत्या.
बाबा शिडी चढला.
उतरला तेव्हा त्याच्या हातात ती घडी होती.
माळ्यावर चौकोनी जागा उरली, धूळ नसलेली.

त्याच वर्षी त्याचा खांदा गेला.

आमच्यात बायका मोगरी उचलत नाहीत.
कुणी मनाई केल्याचं मला आठवत नाही,
फक्त कुणी उचललेली आठवत नाही.
किझांजेने पेरूच्या लाकडाची नवी दुसरी मोगरी कोरून दिली,
खाचा वाकड्यातिकड्या,
आणि गाडी सुरू करून निघून गेला.

मी पहाटे बसले. पहिली. दुसरी.
मनगट दुखलं म्हणून तिसरी उचलली.
"लवकर घेतलीस,"
भिंतीपलीकडून, अंधारातून, अंथरुणातून.
माझ्या काळजाचा चुकला
तेवढा एकच ठोका त्याला ऐकू गेला नसावा.

पुन्हा दुसरी घेतली. ऊन छपराच्या कडेला येईपर्यंत.

कापड कुणासाठी, त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
दारात येऊन काठी टेकून उभा राहिला, कानाने बघत.
मग म्हणाला, रात्री वारा होता.
विहिरीकडच्या झाडाची पानं सुटली असतील,
आधी ती बांधून ये.