कात्री

साडेतीनला ग्रहण लागणार म्हणून
सासूबाईंनी सकाळीच कात्री उचलली.
सुया, सुरी, अडकित्तासुद्धा
तांदळाच्या डब्यात, खोल.
धाकटी जाऊ सुमय्या, सातवा चालू.
"सरळ निजून राहा. पाय दुमडू नको."

माझगावच्या याच खोलीत
अकरा वर्षांपूर्वी मीही सातव्यात होते
आणि ऐकलं नव्हतं.
चौदा गणवेश द्यायचे होते,
निळं टेरिकॉट. कापत राहिले.

मुलगा तीन दिवस जगला.
मला कुणी ओरडलं नाही.
फक्त म्हसळ्याच्या फुफूनं हळूच विचारलं,
"त्या दिवशी काय कापलंस?"
भाऊच्या धक्क्यावरून मी कात्री पाण्यात टाकली.
नवी घेतली. आवाज तोच.

मग एकदा मदरशातल्या हमीदा आपा
बुरख्याचं माप द्यायला आल्या,
आणि दोन्ही हात पसरून उभ्या असताना
मदीन्यातलं सांगू लागल्या :
पैगंबरांचं दुधावरचं लेकरू गेलं, इब्राहीम,
त्याच दिवशी सूर्य काळवंडला.
लोक म्हणाले, बघा, सूर्यालाही दुःख झालं.

बापाला केवढा आधार झाला असता.
नुसतं गप्प राहायचं होतं.
पण ते म्हणाले,
सूर्य-चंद्र अल्लाच्या निशाण्या आहेत.
कुणाच्या मरणानं त्यांना ग्रहण लागत नाही,
कुणाच्या जन्मानंही नाही.
नमाज पढा, सदका द्या.

"छाती चौतीस," आपा म्हणाल्या, "लिहिलंस ना?"
मी लिहिलं नव्हतं.

आज हे सगळं सासूबाईंना सांगितलं.
"दीन तो दीन," त्या म्हणाल्या,
"पण हे आपल्यात चालत आलंय."
खरंच आलंय. गलबतातून, उंबऱ्यावरून,
खालच्या तोडणकर काकूंनीही
सुनेला अस्संच निजवलंय.
सासूबाईंची स्वतःची दोन गेली.
त्यांनाही कुणी विचारलं असेल,
काय चिरलंस?

म्हणून मी वाद घातला नाही.
डब्यात कोपरापर्यंत हात घातला.
पात्याला तांदळाचं पीठ.
"मी उठू का?" सुमय्यानं विचारलं.
"वुजू करायचाय."
ऊठ, म्हटलं.

बाहेर ऊन पितळेसारखं झालेलं.
नमाज झाल्यावर झबल्याचं मलमल पसरलं,
खडूची रेघ ओढली.
पहिल्या कापाला हात थांबला,
लपवत नाही.
सासूबाई खिडकीकडे पाठ करून
माझ्या हाताकडेच बघत होत्या.