मधल्या पायऱ्या

ओब्दुलिया ओंतिवेरोस हे नाव
मालिकेच्या शेवटी पळणाऱ्या अक्षरांत कधी आलं नाही.
आलं असतं तरी वाचलं कुणी असतं?
तोवर बायका डोळे पुसत शेगडीकडे वळलेल्या असत.

मी टोप विंचरायचो.
मेक्सिको शहराच्या दक्षिणेला, चार नंबरच्या स्टुडिओमागे,
नळाशेजारची खोली.
लाकडी डोक्यांवर सोळा जणींचे केस
आणि प्रत्येकीचा एक जुळा टोप, जरा हलक्या प्रतीचा.
तो ओब्दुलियाचा.

गरोदर नायिकेला सावत्र बहीण जिन्यावरून ढकलते : ओब्दुलिया.
त्या बहिणीला देव शेवटच्या भागात शिक्षा करतो : ओब्दुलिया.
आंधळी वारसदार, पळून आलेली नन,
तीच नन पुढे विधवा होते तेव्हा.
एका गुरुवारी तर ढकलणारा हातही तिचाच
आणि पडणारी पाठही,
मध्ये फक्त जेवणाची सुट्टी.

एकवीस पायऱ्या. लाकडाच्या, वरून संगमरवराचा रंग.
रंग ओला असला की चिडायची.
बाकी कशावरच नाही.

झग्याखाली अंघोळीच्या स्पंजाचे तुकडे,
कोपरांना धाकट्या भावाच्या फुटबॉलच्या पट्ट्या.
तोंडात पिना धरून सांगायची,
‘पडायला काय, पोतंही पडतं.
हनुवटी छातीशी. जीभ दातांच्या आत.
आणि तोंड भिंतीकडे.
तोंड दिसलं की पैसे निम्मे.’

त्लाक्सकालाहून आई आली होती एकदा.
टीव्हीसमोर बसून म्हणाली, यातली तू कुठली?
‘वरच्या पायरीवर ती बाई, आई.
खालच्या पायरीवर पण तीच.
मधल्या पायऱ्यांवर मी.’
तेव्हापासून म्हातारी
मधल्या पायऱ्यांपुरतीच मालिका बघायची,
आणि मग उठून कोंबड्यांना दाणे टाकायची.

पंच्याऐंशीचा सप्टेंबर.
सकाळचे सात वाजून एकोणीस मिनिटं.
तिचं घर चौथ्या मजल्यावर,
जिना खरा, दगडी, आणि तो
चावल्यासारखा हलत होता.
पाठीवर शेजारचे दोन एलेउतेरियो,
एक पाय नसलेले शिंपी,
हातात त्यांची कुबडी, कारण ती सोडायला ते तयार नव्हते.

ती पडली नाही.

किती पायऱ्या होत्या, मी पुष्कळदा विचारलं.
आयुष्यभर मोजत आलेली बाई,
तिला आठवत नाही.

दुपारी दोनला ती चालत स्टुडिओत आली.
गुरुवार होता, तिचा पडायचा वार.
शूटिंग रद्द झाल्याचं तिला कोण सांगणार?
शहरात एक टेलिफोन धड वाजत नव्हता.
डोक्यावर चुना, भुवयांवर चुना,
मला वाटलं, कुणा म्हातारीचा टोप घालून आलीये.
स्टुलावर बसवलं. कंगवा ओला केला.
तिच्यासाठी मी शेकडो वेळा केस विंचरले होते,
तिचे कधीच नाही.
काळे की तपकिरी, तेही ठाऊक नव्हतं.
पातळ होते. कानामागे एक जुना व्रण.
‘हळू,’ ती म्हणाली, ‘हे डोक्याला जोडलेले आहेत.’
मग आम्ही दोघं हसलो, बराच वेळ,
आणि मग तिचं हसणं थांबेना,
आणि मी कंगवा खाली ठेवला.

त्यानंतरही अकरा वर्षं पडली ती.
भाव थोडा वाढला.

आता तळमजल्यावर राहते, हट्टानं.
खुब्यात पोलादाचा खिळा.
दुपारी जुन्या मालिका पुन्हा लागतात,
त्या लावून ती वाटाणे सोलत बसते,
आपली पाळी आली की मान वर करते
आणि म्हणते, ‘डावा खांदा उशिरा वळला.’

रविवारी मी तिला चर्चला नेतो.
दाराशी तीनच पायऱ्या.
माझं कोपर घट्ट धरून ती उतरते,
एक.
दोन.
आणि थांबते.
काय झालं गं?
वाकून, काठीचं टोक शेवटच्या पायरीवर घासत म्हणते,
‘काही नाही. रंग ओला आहे का बघत होते.’