चुरा

कन्ना चौकातलं माझं दुकान, बारा बाय आठ.
पासपोर्ट, जावळ, लग्न, वर्षश्राद्धाची तसबीर.
अकरा वर्षं चोरीच्या सॉफ्टवेअरवर
मी सोलापूर गोरं केलं.

मग कंपनीचं पत्र आलं,
कॅमेऱ्यापेक्षा जड.
शटर अर्ध्यावर ओढून बसलो.
त्या अर्ध्या शटरखालून वाकून मुबीन नदाफ आत आला,
खिशात पेनड्राइव्ह, ओठाला शेंगाचटणीचा लाल काठ.
'हे घे. कुणाच्या बापाचं नाही,' म्हणाला,
'म्हणजे तुझंबी हाय.'

मला पटेना.
आमच्याकडे फुकट फक्त ऊन मिळतं.
'फुकट नव्हं बे, मोकळं.'
त्या दोन शब्दांमधल्या फटीत
आम्ही पुढची चार वर्षं बसलो.

पहिल्या रविवारी तेरा जण आले.
दुसऱ्या रविवारी तीन, त्यातला एक पंख्यासाठी.
मुबीन घरोघर चहा पिऊन आला आणि म्हणाला,
अरे, पाच दिवसांनी पाणी येतं,
हंडे सोडून कोण येईल तुझे फोटो शिकायला?
वेळ बदलली : नळ गेल्यावर.
माणसं आली.

अंबादास येमूल आला, रंगशाळेतून सुटून,
कोपरापर्यंत निळा.
माऊस हातात थरथरायचा,
पण पडद्यावरची साडी पाहून म्हणाला,
'ही मोरपंखी नव्हं. तिसऱ्या धुण्यानंतरची मोरपंखी.'
तेव्हापासून सगळ्यांचे पडदे तोच जुळवतो,
टॉवेलच्या नमुन्याची पट्टी काचेला लावून,
एक डोळा मिटून.

राजमणी गाजूल आली.
तिनं माझी जुनी बटणं पाहिली,
'नवरी उजळ', 'नवरी फार उजळ',
आणि विचारलं, 'ही कुणाची नवरी?'
मी काही बोललो नाही.
त्या रात्री एक पुसलं.
दुसरं पुसायला दिवाळी उजाडली. धंदा आहे.

मग मराठी करायला घेतलं.
यादीत अठराशे शब्द.
सावली सोपी. उजेड सोपा.
'कर्व्ह'ला वळण म्हणावं की वाक, यावरून
मल्लिनाथ बिराजदार दोन रविवार रुसला.
आणि 'नॉइज'.
अंधारात काढलेल्या फोटोवर बसतात ते दाणे,
त्यांना काय आवाज म्हणायचं? गोंगाट?
शेजारी यंत्रमाग चालू होते,
त्यांना खटाक खटाक सोडून दुसरं मत नव्हतं.

राजमणीच्या घरी, एका बल्बखाली,
तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
राजमणीनं तिला तिचाच फोटो दाखवला,
रात्रीचा, दाणेदार.
आईनं पदरानं पडदा पुसला.
पाहिलं. पुन्हा पुसला.
'पोडि पडिंदि,' स्वतःशीच म्हणाली तेलुगूत,
मग माझ्याकडे बघून,
'चुरा पडलाय की ओ,'
आणि पुढचं पान उचललं.

आम्ही कुणी हसलो नाही.
यादीत तो शब्द अंबादासनं टाकला,
निळ्या बोटानं एकेक कळ शोधत :
चुरा. चुरा कमी करा.

आता कुठे कुठे माणसं ते बटण दाबतात.
परवा नांदेडहून एकीचा निरोप आला,
ओळख ना पाळख, चार पानी :
चुरा चुकीचं आहे,
आमच्याकडे चुरा म्हणजे फरसाणाच्या डब्याचा तळ,
'किरकिर' करा.
मल्लिनाथ तिच्या बाजूनं, म्हणजे आता मुबीन रुसणार.

राजमणीनं आईला विचारलं.
आई पान कातरत होती.
'बदला की. ते काय माझं हाय व्हय?'
कात्री थांबली नाही.
'पर आधी तिला फोटो दाखवा.'