वरचा रुपया

माझं आडनाव शिकलगार.
आजोबा गणपती पेठेच्या तोंडाशी बसून
कात्रीचं पातं अंगठ्याच्या नखावर टेकवायचे
आणि न बोलता सांगायचे, चालेल की नाही.

माझ्याकडे नख आहे, पातं नाही.
तीन टूल्स आहेत, तिन्ही फुकट,
तिन्हींचा सोर्स उघडा, हवा त्याने आत डोकवावं,
आणि मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीचा
फॉक्सप्रोमधला प्रोग्राम, वय चौतीस,
जो पाडव्याच्या आत पायथनमध्ये यायला हवा.

पहिलं टूल घाईचं.
अकरा हजार ओळी चहा उकळेपर्यंत उलटल्या,
आणि ताऱ्याने सुरू होणाऱ्या सगळ्या टिपा
केर समजून झाडून टाकल्या.

दुसरं मुकाट. शब्दाला शब्द लावत गेलं.
पायथन झालं खरं, पण हेल फॉक्सप्रोचाच,
आमच्या चिकोडीच्या मावशीच्या मराठीसारखा.

तिसरं शिकलेलं. ते नुसतं भाषांतर करत नाही,
शिस्त लावतं: इथे स्ट्रॅटेजी पॅटर्न बरा,
इथे ऑब्झर्व्हर का नाही वापरलात?

म्हणून रात्री पॅटर्न शिकत बसले.
ऑब्झर्व्हर: एकाने बघायचं, बाकीच्यांना कळायचं.
एवढंच?
आयर्विन पुलाची पट्टी कुणीतरी वाचतं
आणि सूर्यवंशी प्लॉटात
घरोघरचे फ्रिज टेबलावर चढतात.
पुस्तकात याला आकृती काढली आहे, बाण दाखवलेत.
आतलं आत ठेवावं, बाहेर फक्त दार दाखवावं,
हा धडा वाचताना
जुन्या सौद्यातला रुमाल आठवला:
खाली बोटांचा भाव,
वर नुसतं हलणारं कापड.

ओळ चारशे सतरा.
तिन्हींचे आकडे पैशापर्यंत जुळले,
फक्त हमालीत फरक.
जुना प्रोग्राम प्रत्येक चिठ्ठीला
वरच्या रुपयावर जातो,
बारा पैसे असोत की नव्वद.
तिसऱ्याने नम्रपणे कळवलं: विसंगती दुरुस्त केली आहे.

ओळीवर रोमन अक्षरांत मराठी टीप होती:
हे काढू नये. बा. म.
पहिल्याने ती झाडलीच होती.
तिसऱ्याने तिचं इंग्रजी केलं: चित्र काढण्यास मनाई.
दुसऱ्याने जशीच्या तशी उचलून ठेवली,
दुसऱ्याच्या नावाचं पाकीट ठेवावं तशी.

बा. म. समडोळीत सापडले.
बाहुबली मगदूम, वासराला कोंडा घालत होते.
“व्हय, मीच लिवलंय.
खाली गेलं की हमालाचं जायचं,
वर गेलं की शेठचं.
शेठनं कधी इचारलं न्हाई,
म्या कधी सांगितलं न्हाई.”

मी म्हटलं, काका, याला आता चूक म्हणतात.
“तवाबी म्हणत हुते.”
कोंडा संपला. हात झटकले.
“तुमच्या पायथनात वर जायाला काय लिवत्यात?”
सील, म्हटलं. सीलिंगचं. म्हणजे छत.
“छत व्हय,” म्हणाले, “मग बरं हाय,”
आणि पुन्हा वासराकडे वळले.

शेठ गेले. आता त्यांची सून बघते सगळं.
तिला मी सांगितलं, रुमालाबाहेर, सरळ आकड्यात:
वर्षाचे तीन हजार आठशे सेहेचाळीस.
तिने मोबाइलवरून मान वर केली.
“आजवर जात होते ना? मग जाऊ देत.”

दुसऱ्या टूलचा कोड घेतला.
हेल तसाच राहू दिला, सवडीने बघू.
चारशे सतराच्या डोक्यावर, देवनागरीत:
हे काढून टाकू नये. चूक नाही.
बा. म., आणि खाली मी.

तिसरं टूल अजून त्या ओळीखाली
पिवळी रेघ ओढतं रोज.
ओढू दे.
यार्डात तसंही
सगळ्यालाच थोडं पिवळं लागलेलं असतं.