टाळी

पाटीवरचं 'परमिट रूम' मालकाच्या पोरानं रंगवून झाकलं
आणि वर लिहिलं, 'पब'.
ट्रकचा हेडलाइट पडला की जुनी अक्षरं अजून दिसतात.
शिरोली नाक्याच्या अलीकडं. दर बुधवारी, साडेआठ.

माझा कॅमेरा लग्नांचा.
त्याला मुंडावळ्या कळतात, अंतरपाट कळतो,
रुखवताशी उभ्या मामीचा रुसवा
तो आपणहून फोकसमध्ये घेतो.
इथल्या निळ्या दिव्यात बावचळतो,
गाणाऱ्याला सोडून
भिंतीवरच्या बिअरच्या कॅलेंडरवर अडतो.

बाई म्हणून मला जागा फॅमिली सेक्शनमध्ये,
लाकडी जाळीमागं.
जाळीच्या एका चौकोनातून लेन्स बाहेर काढली.
एक माइक स्पीकरसमोर,
दुसरा पंख्याच्या हुकाला,
त्यासाठी पंखा बंद,
त्यापायी तीन टेबलांच्या शिव्या.
त्याही रेकॉर्ड झाल्या.

रणधीर दिवसा उद्यमनगरात लेथवर,
ड्रमवर बसला तरी नखांत ऑइल.
नियाजचं शाहूपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान,
गिटारची पिन तो दर आठवड्याला नव्यानं डागतो.
विल्सन गातो. लिहितोही तोच.
एका गाण्यात नुसते
राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि इंच आहेत,
एकोणचाळीस, एकोणचाळीस-चार, चाळीस,
दुसरा शब्द नाही.

आवाज एका यंत्रात, चित्र दुसऱ्यात.
जुळवायला एक टाळी लागते.
आवाजात तिचा सुळका उठतो,
चित्रात तळवे भिडतात,
हे त्याच्यावर ठेवायचं, बस्स.
माझे दोन्ही हात अडकलेले
म्हणून आप्पासोला सांगितलं.
आप्पासो वेटर, राधानगरीकडचा.
ट्रे काखेत मारून स्टेजसमोर आला,
जाळीकडं बघून म्हणाला,
"एकच न्हवं, ताई?"
एकच.

सव्वा तासात दोन्ही यंत्रं
एकमेकांपासून चार फ्रेम सरकतात,
कुणाची चूक नसते.
म्हणून शेवटीही एक लागते.

रात्री दोन वाजता, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत,
हेडफोन लावून.
हायवेचा हॉर्न.
ऐन सोलोवर मिक्सरमध्ये फिरणारं रश्श्याचं खोबरं.
"दोन क्वार्टर, एक सोडा, आणि चकणा कुठाय भावा?"
विल्सन त्रेचाळीस फुटांवर पोचलाय,
आणि हुकाच्या माइकखाली कुणीतरी, हळू,
ग्लासातच बोलल्यासारखं,
"आमच्यात माळ्यापातूर आलतं."
हे मी तिथं ऐकलं नव्हतं.
तिथं तर त्या टेबलाकडं पाठ होती माझी.

सात गाणी.
प्रत्येकाच्या शेवटी पट्टी सपाट होते
आणि तिच्यावर चमचे उगवतात.
टाळी म्हणाल तर पूर्ण फाइलमध्ये सुरुवातीचीच,
तीही माझ्या कामाची.

मग शेवट आला.
खुर्च्या टेबलांवर उलट्या.
आप्पासो फडकं मारतोय.
जाळीतून माझाच आवाज, ओरडून,
"आप्पासो, टाळी! एकच!"
त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.
एक वाजवली.
मग दुसरी.
मी चौकोनातून हात काढून 'बास' केलं,
चित्रात माझी बोटं दिसतात, कोपऱ्यात, धूसर.
तो माझ्याकडं बघतच नव्हता.
विल्सन वायर गुंडाळायचा थांबला.
नियाजनं मागं वळून बघितलं, दारात कोण आलंय का.

अकरा झाल्या. मोजल्या मी.

पहिली घेतली, चार फ्रेम मागं ओढले,
ओठ शब्दांवर बसले.
उरलेल्या दहा कापायच्या होत्या,
कार्डावर जागा नाही,
सकाळी कागलला हळद आहे.

रणधीरला फाइल पाठवली.
लेथच्या आवाजातून त्याचा फोन,
"भारी झालंय, पण शेवट जरा लांबलाय बघ."
म्हटलं, असू दे.