काकडं

वळीव पडून आठवडा झालेला.
पिरंगुटच्या चढावर ठमी हिलम पुढे,
मी मागे, गुडघ्याला पट्टा बांधून.
ती खाली बघतच नव्हती.
पाय थांबले की वाकायची,
पाचोळ्यातून वर आलेलं जांभळट शेवळं
अलगद खुडायची,
गड्डा आत ठेवून माती लोटायची.

"आतलं पिवळं काढून टाक.
आन काकडं घाल. घालच."

अठ्ठावीस वर्षं टेलिफोन भवनात
मी बोलण्याचा पगार घेतला,
ऐकायची सवय कमी.
शिवाय डॉक्टरांनी आंबट बंद केलेलं.
कोथरूडच्या ओट्यावर
कांदा, लसूण, वाल, ओलं खोबरं.
भाजी अशी झाली की कढई पुसून खाल्ली.
शेजारच्या खाडिलकरबाईंना वाटीभर द्यायची होती,
तीही राहिली.
बरंच झालं.

मग घसा.
कुणी आत बसून
दाभणाने गोणपाट शिवतंय.

नेमका साडेआठला पद्माकरचा फोन,
नाशिकच्या जागेचा तोच हिशेब.
मी नुसती हं, हं.
तो बोलत गेला, बोलत गेला
आणि मधेच म्हणाला,
"ताई, रडतेस का गं?"
नंतर बराच वेळ
दोन्हीकडून काहीच नाही,
लाइन चालू.

बुधवारी ठमीला सांगितलं.
हसली नाही.
टोपलीतली मूठभर काकडं
माझ्या पिशवीत टाकली, फुकट.
"खाजतंच ते," म्हणाली,
"जमिनीतनं आल्या आल्या."